शहर हलते तेव्हा : कोबेचा धडा आणि आपली शाळा

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात मला बोलावयास दिलेला विषय होता ‘शाळा आणि समाज’. विषय मोठा आहे, आणि अशा विषयावर गोड गोड बोलून वेळ मारून नेणे अवघड नसते. परंतु या वर्षी आपल्या संस्थेपुढे शाळेच्या जुन्या इमारतीवर आणखी एक मजला चढविण्याचा प्रस्ताव आहे. वर्ग कमी पडतात, प्रवेशासाठी आलेल्या मुलांना परत पाठवावे लागते, ही अडचण खरी आहे. हा निर्णय होण्यापूर्वी एका दूरच्या शहराची हकिकत आपणां सर्वांच्या कानी घालावी असे मला वाटले. सभेत जे बोललो तेच थोडे व्यवस्थित मांडून येथे देत आहे.

ते शहर म्हणजे जपानमधील कोबे. समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले हे मोठे बंदर. वस्ती सुमारे १५ लाख. आपल्या दृष्टीने या शहराला एक वेगळेही महत्त्व आहे. १९२३ साली तोक्यो आणि योकोहामा या शहरांचा भूकंपाने विध्वंस झाला, तेव्हा योकोहामाचे पुष्कळ हिंदुस्थानी व्यापारी कोबे येथे येऊन स्थायिक झाले. पुढे याच कोबेतील हिंदी, तातार आणि इतर मुसलमानांनी वर्गणी जमवून एक मशीद उभारली. १९३५ साली ती खुली झाली. जपानमधील ही पहिली मशीद होय. १९४५ च्या बॉम्बवर्षावात आजूबाजूचा भाग बेचिराख झाला, पण मशीद उभी राहिली. १९९५ च्या भूकंपातही ती उभी राहिली आणि घरे गमावलेल्या लोकांना तिने आसरा दिला. हा अल्लाहचा करम तर खराच. पण ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी बांधकामात काटकसर केली नव्हती, हीही गोष्ट तितकीच खरी. ती इमारत पक्क्या आर.सी.सी. बांधणीची होती. हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे हादरले. भूकंपाचे केंद्र जवळच्या आवाजी बेटाच्या उत्तर टोकाशी, जमिनीखाली थोड्याच खोलीवर होते. मुख्य धक्का जेमतेम वीस सेकंदांचा. तेवढ्यात एक लाखाहून अधिक इमारती पूर्णपणे कोसळल्या. खांबांवर उभारलेला मोटाररस्ता आडवा झाला. सर्व भागांत मिळून ६,४३४ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी साडेचार हजारांहून अधिक एकट्या कोबे शहरात. बहुतेक माणसे आपल्याच घराखाली चिरडून किंवा गुदमरून गेली. जुनी लाकडी घरे, वर जड मातीची कौले आणि खाली कुजलेले खांब, अशी ती घरे होती. याउलट १९८१ साली जपानने बांधकामाचे नियम कडक केले होते, त्या नियमांप्रमाणे बांधलेल्या इमारती बव्हंशी टिकल्या. धक्का सर्वांना सारखाच बसला, पण मरण सर्वांना सारखे आले नाही.

आता शहराच्या कारभाराकडे वळू. कोबेची नगरपालिका ही कुणी गबाळी नगरपालिका नव्हती. डोंगर कापून त्याच्या मातीने समुद्रात बेटे उभारणारे ते शहर. त्याच्यापाशी आपत्तीचा आराखडाही होता. पण १९३८ च्या महापुराची आठवण असल्यामुळे सारे लक्ष पूर आणि दरडी यांच्याकडे असे. आमच्या भागात मोठा भूकंप होत नाही, असा लोकांचा समज होता. १९७४ साली शहरानेच विद्यापीठांतील तज्ज्ञांकडून एक अहवाल करवून घेतला होता, आणि शहराच्या अगदी पायाशी मोठा भूकंप होऊ शकतो असा इशारा त्यात दिला होता. तरीदेखील पुढे आराखडा तयार करताना मध्यम तीव्रतेचा धक्का गृहीत धरण्यात आला. जबर धक्का गृहीत धरावयाचा तर खर्च फार, आणि तो येणार तरी केव्हा? आपल्याकडेही हा प्रश्न आपण रोज विचारतो.

त्या पहाटे काय झाले? नगरपालिकेच्या जुन्या कचेरीचा सहावा मजला वरच्या मजल्यांच्या भाराने चेपला गेला. पाणीपुरवठा खाते त्याच मजल्यावर होते. म्हणजे ज्या दिवशी शहरातील जलवाहिन्या जागोजाग फुटल्या, त्याच दिवशी त्या दुरुस्त करावयाच्या त्या खात्याला बसावयास जागा उरली नाही. पालिकेचे नोकर स्वतःच आपद्ग्रस्त झालेले. पहिल्या दिवशी निम्म्याहून कमी लोक कामावर पोहोचू शकले. आगी लागल्या, बंब निघाले, पण नळांना पाणी नव्हते. नागाता हा कामगारांचा, लहान कारखान्यांचा आणि दाट वस्तीचा भाग. तेथे मोहल्लेच्या मोहल्ले जळाले. सर्व मिळून सुमारे ७ हजार घरे आगीत खाक झाली. वीज आठवडाभरात आली, परंतु पाणी आणि गॅस सर्वत्र सुरळीत व्हायला एप्रिल उजाडला.

मग माणसे वाचवली कुणी? पुढे अभ्यासकांनी जो अंदाज केला तो असा, की ढिगाऱ्याखाली सापडलेल्या सुमारे ३५ हजार माणसांपैकी २७ हजारांच्या आसपास माणसांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी बाहेर काढले. अग्निशामक दल, पोलीस आणि लष्कर यांनी मिळून काढली ती सुमारे ८ हजार. शेजाऱ्याला ठाऊक होते की म्हातारी कुठल्या खोलीत झोपते, घरात किती माणसे आहेत. सरकारी दलाला हे ठाऊक असण्याचा संभव नव्हता. नागातामध्येच मानो नावाचा एक भाग आहे. तेथील रहिवासी कारखान्यांच्या धुराविरुद्ध १९६० च्या दशकापासून एकत्र येत होते, आपल्या मोहल्ल्याचा आराखडा स्वतः करीत होते. आग लागली तेव्हा त्यांनी हातोहात बादल्या दिल्या, जवळच्या कारखान्याचे बंबवाले धावून आले, आणि तेथील आग आटोक्यात राहिली. तीस वर्षे सभा घेऊन, भांडून, चहा पिऊन जी ओळख झाली होती, ती त्या पहाटे कामी आली.

येथे शाळेचा संबंध येतो. बेघर झालेली माणसे कुठे गेली? शाळांत गेली. भूकंपानंतर आठवड्याभरात कोबे शहरात सुमारे ६०० ठिकाणी २ लाख ३६ हजारांहून अधिक लोक आश्रयाला होते, आणि त्यांतील पुष्कळ ठिकाणे शाळा होत्या. पहाटेची वेळ असल्यामुळे वर्गांत मुले नव्हती, हा नशिबाचा भाग. शिक्षक आले ते थेट छावणीचे व्यवस्थापक झाले. कुणाला कुठल्या वर्गात ठेवावयाचे, आजाऱ्यांना कुठे, तान्ह्या मुलांच्या आयांना कुठे, प्रेते कुठे ठेवावयाची, भाकरी कमी आणि माणसे जास्त असता वाटप कसे करावयाचे, याचे शिक्षण कुठल्याही बी.एड. कॉलेजात मिळत नाही. सर्वांत मोठा प्रश्न कोणता ठरला, तर संडासाचा. पाणी नाही आणि हजार माणसे. लोक संडासाला जावे लागू नये म्हणून पाणी पिणे टाळू लागले आणि म्हातारी माणसे त्यामुळे आजारी पडली. पुढे एका कोपऱ्यात छावणी आणि दुसऱ्या कोपऱ्यात वर्ग, अशा स्थितीत शाळा पुन्हा सुरू झाल्या. आश्रयस्थाने अधिकृतपणे बंद झाली ती २० ऑगस्टला, म्हणजे सात महिन्यांनी.

बंधूंनो, शहराने पुढे जे केले त्यात अनुकरणीय पुष्कळ आहे आणि सावध होण्यासारखेही आहे. दोन्ही सांगणे माझे कर्तव्य आहे.

सावध होण्यासारखे असे : नगरपालिकेने भूकंपानंतर ठराविक भागांत दोन महिने नवी बांधकामे बंद ठेवली आणि त्या मुदतीत, म्हणजे १७ मार्च १९९५ पर्यंत, रस्तारुंदीचे आणि पुनर्विकासाचे आराखडे मंजूर करून टाकले. तज्ज्ञांच्या दृष्टीने यात अर्थ होता. गल्ल्या अरुंद राहिल्या तर पुन्हा आगी पसरणार. परंतु ज्यांच्या जमिनीवरून हे रस्ते जाणार ते लोक तेव्हा शाळांच्या फरशीवर झोपलेले होते. त्यांनी निदर्शने केली. अखेर असे ठरले की मोठी रूपरेषा तेवढी शहराने ठरवावी आणि बारीक तपशील रहिवाशांच्या मंडळांशी बसून ठरवावा. जेथे ही मंडळे भक्कम होती तेथे काम नीट झाले. नागातामधील मोठ्या पुनर्विकासाचे काम मात्र दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळले आणि नव्या उंच इमारतींतील कित्येक दुकानांना गिऱ्हाईक मिळेना.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. त्या प्रांतात ४८ हजारांहून अधिक तात्पुरती घरे बांधण्यात आली. ती चिठ्ठ्या टाकून वाटली गेली, आणि वृद्ध व अपंग यांना अग्रक्रम देण्यात आला. यापेक्षा न्याय्य पद्धत कोणती असणार? पण परिणाम असा झाला की एका मोहल्ल्याची माणसे चार दिशांना पांगली, आणि दूरच्या वसाहतींत अनोळखी म्हातारी माणसे शेजारी शेजारी राहू लागली. भूकंपातून वाचलेली ही माणसे एकेकटी मेली. कुणाला दोन दिवसांनी कळले, कुणाला दोन आठवड्यांनी. तात्पुरत्या घरांतील अशा एकाकी मृत्यूंची संख्या दोनशेच्या वर गेली. छप्पर मिळाले, पण दार ठोठावणारे कुणी राहिले नाही. न्यायाने वाटप केले म्हणजे काम संपले, असे ज्यांना वाटते त्यांनी कोबेचा हा अनुभव जरूर आठवावा.

आता अनुकरणीय काय ते पाहू. कोबेने आपल्या आपत्ती-योजनेचा पायाच बदलला. पूर्वी योजना कचेरीतून सुरू होऊन मोहल्ल्यापर्यंत यावयाची. १९९५ नंतर शहराने प्रत्येक प्राथमिक शाळेच्या परिसरात रहिवाशांचे एकेक मंडळ उभे केले. आपत्ती-निवारण आणि कल्याण, ही दोन्ही कामे एकाच मंडळाकडे दिली. ही जोड फार विचारपूर्वक केलेली आहे. जो कार्यकर्ता एरवी म्हाताऱ्या शेजारणीची विचारपूस करतो, तोच भूकंपाच्या दिवशी तिच्या दारी प्रथम पोहोचेल, हे त्यामागचे तत्त्व. अशी सुमारे १९० मंडळे आज संपूर्ण शहरात आहेत. त्यांच्यापाशी पहार, करवत, जॅक, दोर, स्ट्रेचर अशी साधी हत्यारे असतात आणि त्यांच्या नियमित कवायती होतात. जोडीला शहराने भूकंपात न फुटणाऱ्या पाण्याच्या टाक्या जमिनीखाली बांधल्या. पाणी संपल्यामुळे शहर जळाले, हे ते विसरले नाहीत. जपान सरकारने त्याच वर्षी जुन्या इमारती मजबूत करण्यासाठी कायदा केला. आणि दर वर्षी १७ जानेवारीस पहाटे ५.४६ वाजता लोक नगरपालिकेजवळच्या बागेत दिवे घेऊन जमतात. आठवण ठेवणे हाही त्यांच्या योजनेचा एक भाग आहे.

कुणी म्हणेल, मास्तर, कोबे कुठे आणि आपण कुठे? घाटाच्या वर कोयनानगर आणि घाटाखाली आपण, एवढेच अंतर आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसे दगावली. तेथे लहान धक्के आजही बसत असतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले असता, पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जवळजवळ ८ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचा बोजा, यांनी त्यांचा बळी घेतला. कोबेतील जड कौले आणि किल्लारीतील धाबे यांत मला तरी फरक दिसत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छचा भूकंप झाला, तेव्हा अंजार येथे प्रजासत्ताकदिनाच्या फेरीत निघालेली शाळेची मुले आणि त्यांचे शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडले गेले. त्याच दिवशी केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. आणि आपल्या चिपळुणात २२ जुलै २०२१ चा पूर आपण सर्वांनी भोगलाच आहे. पाणी चढत असता प्रथम कोण आले, सरकारी होडी की शेजारचा मुलगा, हे मी आपणांस सांगावयास नको.

२००५ साली आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्ह्याचे प्राधिकरण आहे, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आहेत, आणि नगरपालिकांवरही तयारीची जबाबदारी टाकलेली आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण कोबेचा आराखडाही चांगलाच होता. आराखडा कपाटात असतो आणि माणूस मोहल्ल्यात असतो. दोहोंची गाठ कुठे पडावी? कोबेने उत्तर दिले : शाळेत. मलाही तेच उत्तर बरोबर वाटते.

आपल्या दीनचीही हीच शिकवण नाही काय? कुरआन शरीफमध्ये ९९ वी सूरह भूकंपाच्याच नावाची आहे. जमीन हादरेल त्या दिवशी कणाकणाचा हिशेब होईल, याची ती आठवण देते. आणि उंट न बांधता अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्या माणसाला पैगंबर साहेबांनी आधी उंट बांधावयास सांगितले, ही रिवायत आपण लहानपणापासून ऐकत आलो. तकदीरवर विश्वास असणे आणि खांबातील गंजलेली सळी न पाहणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

म्हणून संस्थेचे विश्वस्त, पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यापुढे मी नम्रपणे पाच सूचना ठेवतो.

पहिली : नवा मजला चढविण्यापूर्वी जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट जाणकार अभियंत्याकडून करून घ्यावे आणि त्याचा अहवाल पालकांसमोर वाचून दाखवावा. पाया आणि खांब तो भार पेलत नसतील तर मजला चढवू नये. जमविलेला पैसा आधी इमारत मजबूत करण्यावर खर्च व्हावा. त्यामुळे एखादे वर्ष दोन पाळ्यांत शाळा भरवावी लागेल. आम्ही शिक्षक ती भरवू. कोनशिलेवर नाव लागते ते नव्या मजल्याच्या, खांब भक्कम केल्याची कोनशिला कुणी बसवीत नाही. तरीसुद्धा देणगीदारांनी हाच सवाब मोठा मानावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

दुसरी : जनरल रजिस्टर, दाखल्यांच्या नोंदी आणि संस्थेचे दस्तऐवज यांच्या प्रती दुसऱ्या इमारतीत ठेवाव्यात. एक मजला चेपला की सारे खाते बसते, हे कोबेने दाखविले. आपल्या मुलांच्या जन्मतारखेचा आणि राहण्याचा पुरावा पुष्कळदा केवळ शाळेच्या त्या एका वहीत असतो. ती वही गेली तर पुढे कचेऱ्यांच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात, ते आपणांस ठाऊक आहे.

तिसरी : वर्षातून दोनदा कवायत घ्यावी, आणि ती घंटा वाजवून मैदानात जमण्यापुरती नसावी. जिन्याचे दार आतून उघडते की बाहेरून, कपाटे भिंतीला ठोकलेली आहेत की नाहीत, मुलींच्या बाजूच्या फाटकाची किल्ली कुणापाशी असते, हे त्या दिवशी कळते.

चौथी : मशिदीची जमात, शाळा आणि मोहल्ल्यातील सर्व धर्मांचे शेजारी यांनी मिळून एक मंडळ करावे. एकटे राहणारे वृद्ध, अपंग, बाळंतिणी, आणि ज्या घरचे कर्ते पुरुष आखातात नोकरीला आहेत अशी घरे, यांची यादी करावी व दर रमजानमध्ये ती ताजी करावी. जकात आणि फितरा वाटताना आपण दारोदार जातोच. तीच फेरी या कामीही येईल. यादीची एक प्रत नगरपालिकेस द्यावी आणि त्यांच्या आराखड्यात आपल्या शाळेचे नाव आहे काय, असल्यास किती माणसांसाठी, हे लेखी विचारावे.

पाचवी : शाळेत पाण्याची एक जादा टाकी आणि संडासांची व्यवस्था असावी. विषय क्षुल्लक वाटेल, पण छावणी चालविलेल्या कोबेच्या शिक्षकांनी तो क्षुल्लक मानला नसता.

या पाचांपैकी चार गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. पहिलीला लागतो, आणि तिलाच सर्वांचा धीर लागतो. मुलाचे नाव शाळेत घालताना पालक आमच्या हाती त्याची बुद्धी देतात तसा त्याचा जीवही देतात. ते मूल दिवसाचे सहा तास कुठल्या छताखाली बसते, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे आणि सांगणे संस्थेचे कर्तव्य आहे. कोबेच्या मशिदीला वर्गणी देणारे व्यापारी आज हयात नाहीत. आपल्या पैशाने घातलेला पाया पुढे दोन संकटे झेलील आणि परक्या माणसांना आसरा देईल, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. त्यांनी पाया मात्र पक्का घातला. आपली संस्थाही तसेच करील, इन्शाअल्लाह.

खुदा हाफिज.